सरकारला जामीनदार कोण?

जामीनदार म्हणून सही करू नका, हे मी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि साहेबांची नजर चुकवून एखाद्या ग्राहकालाही सांगत आले आहे. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी असली की जामीनदाराचे हाल फार जवळून दिसतात. ज्यानं पैसे उचलले त्याचा फोन बंद, आणि ज्यानं चहा पिऊन सही ठोकली तो आमच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसलेला. "मॅडम, मी तर फक्त ओळखीखातर..." कायद्याला ओळखपाळख नसते. करार कायदा १८७२ चा, त्यातलं कलम १२८ सरळ आहे: मूळ कर्जदाराची जबाबदारी जितकी, तितकीच जामीनदाराची.

तर अशी मी, २०१७ च्या पावसाळ्यात १० लाखांच्या कागदावर जामीनदार झाले.

भाऊ एसटीत कंडक्टर, इमामवाडा डेपोला. त्याचा फोन आला तेव्हा मागे गाडी सुरूच होती. "ताई, तुह्या भाचीले मेडिकल भेटलं! लिस्टमंदी नाव आलं तिचं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "एक सही लागते म्हणे पक्क्या पगारवाल्याची. आपल्याइथं तूच एक हायेस."

नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं की ते १९४७ चं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. पलीकडचं दुसरं सरकारी, ते मेयो. दोन्हीपैकी कुठेही नंबर लागला तर बाँड चुकत नाही. शिक्षण आणि इंटर्नशिप आटोपली की सरकार पाठवेल तिथे एक वर्ष सेवा देईन, नाही दिली तर १० लाख रुपये भरीन, असं प्रवेश घेतानाच लिहून द्यायचं. पुढे एमडी-एमएस केलं तर त्याचा वेगळा बाँड, ५० लाखांचा. सुपरस्पेशालिटीला गेलात तर २ कोटी. आकडे ऐकून वहिनी म्हणाली, "बाप्पा! पोरगी डॉक्टर होऊन राहिली का कारखाना काढून राहिली?"

मी कागद-पेन घेऊन बसले. सवयच ती. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या आत होती. खासगी कॉलेजची एका वर्षाची फी म्हणजे भावाचा दोन-तीन वर्षांचा पगार, तोही घरात चूल न पेटवता जमवला तर. शैक्षणिक कर्जात तेव्हा ४ लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, साडेसात लाखांच्या वर गेलं की घर-जमीन मागायचे. भावाचं घर हुडकेश्वर रोडला, गुंठेवारीतल्या प्लॉटवर. आर.एल. लेटरची, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची फाइल तेव्हा कुठे अडकली होती ते एनआयटीलाच, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासलाच ठाऊक. नागपूरकराला यापुढे सांगायची गरज नाही, असल्या प्लॉटवर कुठलीच बँक दारात उभं करत नाही. मीसुद्धा केलं नसतं.

पुण्याचं एएफएमसी, म्हणजे लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय, घरात एकदा बोलून झालं होतं. १९४८ पासूनची संस्था. फी नाही, राहणं-खाणं लष्कराचं आणि बदल्यात लष्करातली सेवा. भावाला गणवेशाचं फार, स्वतः आयुष्यभर खाकी घालूनही. पण तिथे मुलींच्या जागा मोजक्या आणि कटऑफ वरचा. विषय तिथेच मिटला. राहिलं मेडिकल, आणि मेडिकलचा बाँड.

सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाबाहेर ताडपत्रीखाली नोटरीवाले बसतात, तिथे आम्ही तिघं गेलो. भाऊ सुटी टाकून आलेला, भाची बारावीच्या ड्रेसमधल्याच पांढऱ्या सलवारीवर. टायपिंग करणाऱ्या पोराकडे मजकूर तयारच होता. त्या हंगामात दिवसभर तेच काम, त्यामुळे तो फक्त नावं बदलत होता. भाचीच्या नावाच्या जागी आधीच्या मुलाचं नाव राहिलं होतं, ते मी दाखवलं. नोटरीसाहेबांनी माझा फोटो वाकडा चिकटवला, त्यावरून अर्धी फोटोवर अर्धी कागदावर अशी सही घेतली आणि गोल शिक्का इतका दाबून मारला की टेबलावरचा चहा सांडला. "मॅडम, तुम्ही तर बँकेत. तुम्हाले काय समजावून सांगाचं," म्हणाले. त्यांना लवकर आटपायचं होतं. मागे रांग होती.

पण मी कागद वाचला. सगळा वाचला. भाऊ चुळबुळ करत होता. बँकेत कुठलाही करार हातात आला की डोळे आपोआप दोन बाजू शोधतात. कर्जदारानं काय करायचं आणि बँकेनं काय करायचं. बँकेची बाजू बारीक अक्षरात का होईना, असते: रक्कम किती देणार, व्याज कुठल्या दरानं, हप्ता कधीपासून. या कागदात दुसरी बाजूच नव्हती. विद्यार्थिनी काय करेल, नाही केलं तर काय होईल, जामीनदाराकडून वसूल कसं होईल, सगळं होतं. सरकार तिला किती दिवसांत नेमणूक देईल, पगार कधी होईल, राहायला काय असेल, याबद्दल अक्षर नव्हतं. आणखी एक गोष्ट मला खटकली. सरकारनं तिच्यावर किती खर्च केला किंवा करणार, याचा आकडा कुठेच नव्हता. १० लाख कशाचे? मुद्दल किती, त्यात काय काय धरलं? असा कर्जाचा प्रस्ताव मी वर पाठवला असता तर ऑडिटवाल्यांनी माझी झडती घेतली असती.

तरीही सही केली. आपल्याच पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून पोरगी डॉक्टर होणार, तर एक वर्ष तिनं गावाला द्यावं यात मला काहीच गैर वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. बँकेत लागताना मीही बाँड लिहून दिला होता, अमुक वर्षं सोडून जाणार नाही म्हणून. बँकांच्या अशाच एका २ लाखांच्या बाँडला २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं वैध ठरवलं. संस्थेनं माणसावर खर्च केला तर तिनं त्याला थोडं धरून ठेवावं, हे तत्त्व मला पटतं. प्रश्न पुढे सुरू झाले.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. अ‍ॅनाटॉमीच्या हॉलचा वास घेऊन घरी येणारी पोरगी, मग लॉकडाउन, मग ऑनलाइन लेक्चरं. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला. भावाचा पगार बंद. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा नेमकी त्यातच. मेसचे पैसे मी भरले, वहिनीनं पिको-फॉल घेतला, आणि भाऊ संपाच्या मांडवातून उठून संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहायला जायला लागला. तेव्हा तो मला एकदा म्हणाला, "खासगीत घातली असती तं आज काय केलं असतं मी? बाँड तं बाँड, पण फीचं पाह्य न."

२०२३ च्या उन्हाळ्यात इंटर्नशिप संपली, आणि बाँड सुरू होईना.

हे बाहेरच्याला लवकर कळत नाही, म्हणून नीट सांगते. मुलगी सेवा द्यायला तयार आहे. सरकारला सेवा हवी आहे. पण ज्या कार्यालयातून आदेश निघायचा तिथून आदेश निघेना. आज यादी लागेल, उद्या लागेल. रोज सकाळी वेबसाइट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवी अफवा. मूळ कागदपत्रं जमा. दुसरीकडे पक्की नोकरी धरावी तर आदेश कधी येईल त्याचा नेम नाही. आणि सगळ्यात मौज म्हणजे हे वाट पाहण्याचे दिवस बाँडमध्ये धरले जात नाहीत. आमच्याकडे कर्ज मंजूर करून पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला व्याज लागत नाही. इथे देणेकरी पैशाची थैली घेऊन दारात उभा, आणि सावकार म्हणतो, थांब, मला वेळ नाही, पण तुझं देणं मात्र तसंच राहील.

कारण शोधायला फार लांब जायला नको. विदर्भात चंद्रपूरला २०१५ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, गोंदियाला २०१६ मध्ये. २०२४ मध्ये तर राज्यात एका झटक्यात कितीतरी ठिकाणी परवानगी मिळाली, त्यात गडचिरोली आणि भंडाराही आले. जागा वाढल्या, चांगलं झालं. पण प्राथमिक आरोग्य केंद्राचा हिशेब वेगळा चालतो. सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांना एक, आणि केंद्राला साधारण दोन वैद्यकीय अधिकारी. डॉक्टर निपजायचा वेग एका खात्याचा, त्यांना बसवायच्या खुर्च्या दुसऱ्या खात्याच्या. वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य, दोन मंत्री, दोन सचिव, दोन फाइली. मधल्या फटीत माझी भाची हुडकेश्वर रोडच्या घरी कूलरसमोर बसून पीजीचे, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवत होती.

त्याच दिवसांत शाखेत एक जुने खातेदार आले. पन्नाशीचे, हसतमुख. १० लाखांचा डीडी हवा होता. फॉर्म पाहिला आणि मला कळलं. तेही लपवत नव्हते. "मुलाचा बाँड आहे, मॅडम. एक वर्ष तिकडे जंगलात काढण्यापेक्षा दिल्लीला क्लास लावेल. वर्ष वाचतं न, त्या मानानं दहा लाख काहीच नाही."

माणूस मग्रूर नव्हता. हिशेबही चोख होता. स्पेशालिस्ट होऊन बसलेला डॉक्टर एका वर्षात त्याहून जास्त कमावतो, मग वर्ष विकत घेतलेलं स्वस्तच. मी व्हाउचर पास केलं, डीडीवर सही केली, दुसरी सही साहेबांची झाली. हाच आकडा माझ्या भावाला कित्येक रात्री झोपू देत नव्हता, आणि काउंटरच्या पलीकडे तो चहा होईपर्यंत मिटला.

संध्याकाळी भावाला नाव न घेता सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो हसला. "मी बिनतिकीटवाला पकडतो, ताई. हा तं तिकीट काढून उतरला. त्याले काय म्हणतीन?"

त्याच्या त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. दंड म्हणून ठेवलेली रक्कम एकदा ठरीव झाली की तिचा दर होतो. मग गडचिरोलीला कोण जातं? ज्याच्या बापाकडे डीडी नाही तो. बाकी मनापासून जाणारेही असतात, पण त्यांच्यासाठी बाँडची गरजच नसते. म्हणजे हा कागद नेमका गरीब घरच्या पोरांनाच लागू पडतो, आणि आपण म्हणतो ग्रामीण सेवा सगळ्यांना सक्तीची आहे.

आदेश आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढचं केंद्र. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिथल्या लोकांचा काही दोष नाही. ७५ हजार पगार. २०२० मध्ये आदिवासी भागातल्या बंधपत्रित डॉक्टरांचं मानधन ६० हजारांवरून एवढं झालं होतं. भावाच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. वहिनीनं डब्यात तिखट-मीठ, लोणचं, आणि कुणी सांगितलं म्हणून ओडोमॉस भरून दिलं.

दिवाळीनंतर भाऊ आणि मी तिला भेटायला गेलो, त्याच्या पासवर. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली. पूर्ण रस्ताभर भाऊ त्या गाडीच्या कंडक्टरचं काम पारखत होता. आष्टीच्या पुढे सागवान सुरू झालं तसा तो गप्प झाला.

केंद्र चांगलं होतं. मी मुद्दाम सांगते, कारण शहरात बसून आपण आधीच पडकं घर डोळ्यांसमोर आणतो. पक्की इमारत, स्वच्छ प्रसूतिगृह, सिस्टर कामाला वाघ. लसींच्या खोलीत आयएलआर, म्हणजे लसी ठेवायचा फ्रिज, त्याच्यावर तापमानाचा तक्ता लटकलेला. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा, २ ते ८ अंशांच्या मध्ये. पावसाळ्यातल्या आकड्यांवर मी बोट फिरवलं. कुठे ७.५, कुठे ७.८. "लाइट गेली की आम्ही तो उघडतच नाही," भाची म्हणाली. "इन्व्हर्टरची बॅटरी बसली आहे. मागणी पाठवली." कधी? "आधीच्या डॉक्टरांनी पाठवली होती. मग मी पाठवली."

तिच्या क्वार्टरच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी दोन भोकं होती, त्यातून सलाइन सेटची नळी ओवून गाठ मारलेली. भावानं ते पाहिलं, काही बोलला नाही, गावातल्या दुकानातून कडी आणि स्क्रू आणले आणि पानं नव्हतं म्हणून चमच्याच्या दांड्यानं स्क्रू पिळले. दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी होती. म्हणजे दिवसपाळी ती, रात्रपाळी ती, शवविच्छेदनाचा प्रसंग आला तर ती, आणि तालुक्याच्या मीटिंगलाही ती. पगार? तीन महिन्यांचा एकदम आला होता, आणि तोवर ती आमच्याच पैशावर होती.

मण्यारीची गोष्ट तिनं मला रात्री जेवताना सांगितली, अगदी भाजी वाढून घेता घेता. "आत्याबाई, मण्यार चावली की कळतच नाही. दाताची खूण दिसत नाही, सूज नाही. लोक जमिनीवर झोपतात, पहाटे पोटात दुखतं म्हणून पोराला घेऊन येतात. आपण अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी देऊन बसू शकतो. मी पापण्या पाहिल्या. त्या पडून राहिल्या होत्या." सर्पदंशाची लस सुरू केली, पण मण्यारीचं विष श्वासाच्या स्नायूंना गाठतं. १०८ मध्ये घालून अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत ती त्या पोराला अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या फुग्यानं श्वास देत गेली. एक हात दुखला की दुसऱ्या हातानं. पोरगा वाचला. "हे मला कुठे शिकवलं होतं? मेडिकलमध्ये सर्पदंश आला की तो रेसिडेंटकडे जातो, मग व्हेंटिलेटरला. मी इंटर्नशिपला एकदा पाहिला होता, लांबून. इथे पहिल्या महिन्यात माझ्या हातात. कुणाला विचारू? फोनला रेंज नाही."

तिच्या टेबलावर पीजीची जाडजूड पुस्तकं होती. रेंज मिळेल तिथे मोबाइलवर व्हिडिओ उतरवून घ्यायची, रात्री पाहायची. अर्धं मन तिथे, अर्धं परीक्षेत. माडिया बोलीतले 'कुठे दुखतं, किती दिवस, ताप आहे का' एवढे प्रश्न तिला तोपर्यंत यायला लागले होते. बाकीचं आशाताई सांगायची. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कुठल्या घरात कोण आजारी, कोण गोळ्या अर्धवट सोडतो, हे पाठ झालं होतं. आणि हे सगळं पाठ होईस्तोवर वर्ष सरत आलं. मग नवा बाँडवाला येणार, तो पुन्हा पहिल्यापासून. गावाला एक वर्ष फार थोडं होतं आणि परीक्षा देणाऱ्या पोराला फार मोठं वाटतं. हा कालावधी ठरवताना दोघांपैकी कुणालाच विचारलेलं नाही, असं मला दिसतं.

लग्नाकार्यात नातेवाईक भेटले की तिला हटकून एक उपदेश मिळायचा. प्रकाशभाऊ आमटे आपल्या मेडिकलचेच. १९७३ मध्ये हेमलकशाला गेले, तिथेच राहिले. अभय बंग, राणी बंग आपल्याच मेडिकलचे, गडचिरोलीला केवढं काम उभं केलं. मेळघाटातल्या बैरागडचे रवींद्र कोल्हेही आपल्याच मेडिकलचे, पद्मश्री मिळाली. तू पण तसंच काही कर. ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र घरी येऊन म्हणाली, "आत्याबाई, मला एक वर्ष नोकरी करायची आहे. नीट करायची आहे. ह्या लोकांनी माझ्याकडून आयुष्य कशाला मागावं? उपदेश करणाऱ्या काकांनी स्वतःच्या पोराला तर बेंगळुरूला पाठवलं."

मला तिचं पटलं. या थोर माणसांना कुठल्या बाँडनं तिथे नेलं नव्हतं, आणि त्यांच्या थोरवीवर धोरण आखता येत नाही. धोरण आखायचं ते साध्या, सरासरी, आईबापांची काळजी असलेल्या आणि पुढे शिकायची इच्छा असलेल्या पोरांसाठी. आपल्याकडे जवळच सेवाग्राम आहे. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी तिथलं मेडिकल कॉलेज काढलं. तिथे पहिल्या वर्षालाच पोरं गावात शिबिराला राहायला जातात, बॅचला एक गाव दत्तक असतं, आणि तिथे पीजी करायचं तर आधी दोन वर्षांची ग्रामीण सेवा, अशी अटही होती. म्हणजे गाव हे शेवटी भरायचं देणं नसतं, अभ्यासात पहिल्यापासून असतं. जपाननं १९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी याच कामासाठी काढली. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन पोरं निवडायची, फी प्रांतानं उसनी द्यायची, आणि शिकून झाल्यावर त्यांनी आपल्याच प्रांतात नऊ वर्षं काम करायचं. मग फी माफ. नऊ वर्षं! पण पोराला पहिल्या दिवशी माहीत असतं की आपण कुठल्या मुलखात जाणार, आणि तो मुलूख त्याच्या ओळखीचा असतो.

अमेरिकेचं मला कळलं ते आमच्या शाखेतून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यामुळे. त्यांची नात तिकडचीच नागरिक, टेक्सासमध्ये मेडिकलला. तिकडे डॉक्टर होता होता पोरांवर २ लाख डॉलरच्या आसपास कर्ज होतं. हिनं लष्कराची हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप घेतली. कॉलेजची सगळी फी, पुस्तकं लष्कर भरतं, वर महिन्याला स्टायपेंड. बदल्यात जितकी वर्षं स्कॉलरशिप तितकी वर्षं लष्करात डॉक्टर. मधली रेसिडेन्सीची वर्षं फेडीत धरत नाहीत, त्यामुळे देणं तिशी ओलांडून जातं. नागरी भागातही नॅशनल हेल्थ सर्व्हिस कॉर्प्स आहे. जिथे डॉक्टर कमी अशा भागात वर्षाला वर्ष, कमीत कमी दोन. शब्द मोडला तर घेतलेल्या रकमेच्या तिप्पट, व्याजासकट. आजोबा सांगताना काळजीत होते, नातीला कुठे युद्धावर पाठवतील म्हणून. मला मात्र त्यातला हिशेब आवडला. तिच्या हातात दरवर्षी आकडा आहे: तुझ्यासाठी इतके भरले, तू इतकं देणं लागतेस. आणि ती यात स्वतःहून शिरली. कर्जाचा रस्ताही मोकळा होता. आमच्या पोरीपुढे दुसरा रस्ताच नव्हता, आणि आकडाही नव्हता.

कायद्यानं पाहाल तर आपला बाँड भक्कम आहे. १९ ऑगस्ट २०१९ ला सुप्रीम कोर्टानं निरनिराळ्या राज्यांचे हे सक्तीच्या सेवेचे बाँड वैध ठरवले. सरकारी पैशावर शिकलात, समाजाचं देणं आहे, हा मुद्दा कोर्टानं मानला. राज्याराज्यांतल्या अटी फार वेगवेगळ्या आहेत, तेव्हा केंद्रानं एकसारखं धोरण करायचा विचार करावा, असंही सुचवलं. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. माझी तक्रार निकाल जिथे संपतो तिथून पुढची आहे.

भाचीनं वर्ष पूर्ण केलं. बाँड पूर्ण केल्याचा दाखला आला, तोही चार खेपा घातल्यावर. आता ती एका सरकारी कॉलेजात बालरोगशास्त्रात एमडी करते आहे आणि ५० लाखांच्या नव्या बाँडवर पुन्हा मीच सही केली आहे. परवा ती सुटीला आली तेव्हा मी तिला माझं एक उद्योगाचं काम दाखवलं. पैसे भरायच्या स्लिपांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाँडचा दुसरा पक्ष लिहून काढला होता, सरकारच्या बाजूची कलमं. एक, इंटर्नशिप संपल्यापासून ३० दिवसांत आदेश, नाही तर एकतिसाव्या दिवसापासून सेवा सुरू झाली असं धरायचं. दोन, निवड करतानाच प्रत्येक केंद्रापुढे क्वार्टर आहे की नाही ते छापायचं. तीन, पगार १० तारखेच्या आत, उशीर झाला तर बचत खात्याच्या दरानं व्याज. चार, दंडाची रक्कम घरच्या उत्पन्नाप्रमाणे.

तिनं चौथ्यावर फुली मारली. "उत्पन्नाचा दाखला कसा मिळतो ते तुला माहीत आहे न, आत्याबाई? सगळ्यात श्रीमंत बापाचं उत्पन्न सगळ्यात कमी निघेल." बरोबर होतं, रोज तसले दाखले माझ्याच टेबलावर येतात. तिचं म्हणणं, पैसे भरून सुटायची सोयच काढून टाका. मी म्हटलं, तसं केलं तर ती वेठबिगारी होते, कोर्टात टिकणार नाही. त्यावर आमचं चांगलंच वाजलं, वहिनी पोहे घेऊन आली तरी मिटलं नाही, आणि अजून मिटलेलं नाही.

बाकी कलमांना तिची हरकत नव्हती. दुसऱ्यात तिनं क्वार्टरच्या पुढे 'कडीसकट' लिहिलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं वेगळं कलम घातलं. मग पेन तोंडात धरून थोडा वेळ पाहिलं आणि सगळ्यांच्या वर, माझ्या पहिल्या कलमाच्याही आधी, बारीक अक्षरात कोंबून लिहिलं: केंद्रावर एक तरी कायमचा, अनुभवी वैद्यकीय अधिकारी असल्याशिवाय बाँडवाल्याला एकट्याला पाठवायचं नाही, पहिले तीन महिने त्यानं सोबत घेऊन शिकवायचं. मला सगळे क्रमांक खोडून नव्यानं घालावे लागले.